थंडीच्या लाटेनंतर वॉशिंग मशीन आवाज करतंय? बेअरिंगला दोष देण्याआधी हे तपासा

टेक्सासमधल्या डॅलसच्या आसपास गोठवणारी थंडी येऊन गेली की पुढच्या आठवड्यात ओळखीच्या घरांतून हमखास फोन येतात. तक्रार दरवेळी एकच असते: "मशीन भयंकर आवाज करतंय." यातली बरीच मशीनं गॅरेजमध्ये असतात, नाहीतर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या छोट्या खोलीत. काही घरं डिसेंबरभर बंद असतात. मंडळी पुण्या-नाशिकला गेलेली असतात आणि वीजबिल वाचवायला हीटर बंद करून गेलेली असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज गेली, डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर पारा उणे २ फॅरनहाइटला (उणे १९ सेल्सिअस) उतरला, तेव्हापासून मी हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलोय. ज्यांच्या मशीनचा आवाज थंडीनंतरच सुरू झालाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आवाज आधीपासून असेल तर कारणं वेगळी असतात.

लक्षणं: आवाज कोणत्या टप्प्यात येतो?

मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. आवाज किती मोठा आहे यावरून काही कळत नाही, तो कधी येतो यावरून जवळजवळ सगळं कळतं.

पाणी भरताना: शीळ घातल्यासारखा किंवा सुरसुर आवाज येतो, पाणी बारीक धारेने येतं. किंवा पाणी थांबताक्षणी भिंतीत धाडकन आवाज होतो. किंवा नुसतीच गुणगुण येते आणि पाणी येतच नाही.

ड्रम हळू फिरताना: खालच्या बाजूला करकर, काहीतरी खरवडल्यासारखं. रबर जळाल्याचा वास.

पाणी सोडताना: खडखड. किंवा घूं-घूं आवाज येत राहतो आणि पाणी जागचं हलत नाही. किंवा भिंतीतल्या निचऱ्याच्या पाइपात बुडबुड होऊन पाणी वर उसळतं.

पिळताना: मशीन धाडधाड हादरतं, जागेवरून सरकतं. किंवा वेगाबरोबर चढत जाणारी घरघर येते, विमान उडताना येते तशी.

मशीन पुन्हा लावून बघण्याची घाई करू नका. आवाज कोणत्या टप्प्यात आला हे आठवून कागदावर लिहा आणि पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. सोप्या आणि फुकटच्या गोष्टी आधी आहेत.

पहिली पायरी: प्लग काढा आणि बर्फ वितळू द्या

कपडे धुऊन झाल्यावर मशीन कोरडं झालेलं असतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पंपात, त्याच्या गाळणीत, टबाच्या (ड्रमभोवतीच्या बाहेरच्या भांड्याच्या) तळाशी, निचऱ्याच्या पाइपाच्या वाकणात आणि पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये थोडं थोडं पाणी कायम साचलेलं असतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बंद जागेतल्या पाण्याने फुगायचं ठरवलं की प्लॅस्टिकला तडा जातो. थंडीतले बहुतेक बिघाड या पाच जागांपैकीच कुठेतरी असतात.

नुकसान थंडीने होतं, पण त्याहून मोठं नुकसान बर्फ असताना मशीन चालवल्याने होतं. गोठलेल्या पंपाला वीज मिळाली की त्याची मोटर अडकल्या जागी तापते. टबाच्या तळाशी बर्फाची चकती असली तर ड्रम तिच्यावर घासतो, पट्टा घसरतो आणि जळका वास येतो. "चालवून बघू, सुटेल" हा विचार मनातून काढून टाका.

बाहेरचं तापमान शून्य सेल्सिअसच्या वर गेलं म्हणजे बर्फ वितळला असं नाही. मशीनच्या पोटातला बर्फ हवेपेक्षा खूप उशिरा सुटतो. गॅरेजचा मोठा दरवाजा बंद ठेवा, घराकडचा दरवाजा उघडा ठेवा आणि निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. घाई असेल तर ड्रममध्ये तीन-चार मग कोमट पाणी ओता, हाताला सोसेल इतकंच, आणि तासभर थांबा. उकळतं पाणी अजिबात नको. थंडीने कडक झालेलं प्लॅस्टिक अचानक तापलं की तडकतं, म्हणजे जे वाचलं होतं तेही जातं. बाहेरच्या नळीला हेअर ड्रायर चालेल, तोही मंद आणि जमीन कोरडी असताना. उघडी ज्योत, कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर यांपैकी काहीही बंद गॅरेजमध्ये वापरू नका. २०२१ च्या त्या आठवड्यात ऊब मिळवायच्या धडपडीत कार्बन मोनॉक्साइडने टेक्सासमध्ये माणसं दगावली. कपडे दोन दिवस उशिरा धुतले तर काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: मशीन जागेवरून हललंय का?

ही तपासणी फुकट आहे आणि लोक नेमकी तीच विसरतात. थंडीच्या रात्री भिंतीतल्या पाइपांना ऊब मिळावी म्हणून, किंवा मागचा नळ बंद करायला, मशीन पुढे ओढलेलं असतं. मग ते घाईघाईने मागे ढकललं जातं. एखादा पाय वर-खाली होतो, पायाची नट ढिली पडते, आणि पिळताना मशीन थडाथड नाचायला लागतं. दोष थंडीला दिला जातो, कारण असतं त्या ढकलण्यात.

समोरासमोरचे कोपरे तिरपे धरून आळीपाळीने खाली दाबा. मशीन डुगडुगलं तर लहान पडलेला पाय पान्याने फिरवून जमिनीला टेकवा आणि त्याची नट मशीनच्या तळाशी घट्ट आवळा. नट आवळली नाही तर दोन-तीन धुण्यांत पाय पुन्हा फिरतो. स्पिरिट लेव्हल असेल तर वर ठेवून बघा, नसेल तर फोनमधलं चालतं. मागची निचऱ्याची नळी मशीनखाली चिरडली गेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

मशीन स्थिर असूनही पहिल्या एक-दोन धुण्यांना ड्रम जास्त हिंदकळत असेल, तर ते थंडीचंच काम असू शकतं. ड्रमला झोके आवरणारे दांडे किंवा शॉक अॅब्सॉर्बर असतात. त्यांच्यातलं ग्रीस आणि रबर थंडीत कडक होतं. खोली उबदार झाल्यावर हा आवाज आपोआप जातो. ऊब येऊनही आठवडाभर तसाच राहिला तर एखादा दांडा निसटलाय किंवा झिजलाय असं समजा.

तिसरी पायरी: पाणी आत येण्याची बाजू

मशीनचे गरम-थंड दोन्ही नळ आधी बंद करा. मग घरातला बाथटबचा नळ पाच मिनिटं सोडून ठेवा. टेक्सासमध्ये अनेक घरांचे पाइप छतावरच्या माळ्यातून जातात. कुठे गोठून फुटले आणि दुरुस्त झाले, किंवा पाणी बंद करून पुन्हा सुरू झालं, तर पाइपात हवा अडकते. ती हवा मशीनच्या व्हॉल्व्हमधून गेली की थुंकल्यासारखे आवाज आणि दणके येतात. हवा बाथटबमधून जाऊ दिली तर मशीनचा आवाज बहुधा तेवढ्यानेच संपतो.

शीळ आणि बारीक धार ही वेगळी गोष्ट. २०२१ मध्ये राज्यात एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं. जलवाहिन्या फुटतात, दाब पडतो आणि पुन्हा चढतो, तेव्हा पाइपांतला गाळ सुटून घरापर्यंत येतो. मशीनच्या मागे नळ्या जिथे जोडतात तिथे आत बारीक जाळी असते. नळी उलट फिरवून काढा, खाली परात ठेवा, जाळी पकडीने अलगद ओढून बाहेर काढा. जुन्या टूथब्रशने धुतली की झालं. ती टोकदार वस्तूने खुपसू नका, फाटली की गाळ थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.

आता या पायरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. नळ्या परत जोडा, मशीनचा प्लग काढलेलाच ठेवा, नळ पाव फेरा उघडा आणि टॉर्च घेऊन मशीनच्या मागे दहा मिनिटं लक्ष ठेवा. गोठून तडकलेला व्हॉल्व्ह नळ बंद असताना निर्दोष दिसतो. केसाइतकी तड पाण्याचा दाब आला की मगच ठिपकायला लागते. मी पाहिलेल्या एका घरात ती गळती मशीनच्या पत्र्यामागून उतरून भिंतीच्या प्लॅस्टरमध्ये मुरत होती. जमिनीवर एक थेंब नव्हता, फक्त भिंतीचा खालचा वीतभर भाग हाताला मऊ लागत होता. थेंब दिसला, किंवा मशीन बंद असताना ड्रममध्ये पाणी साचू लागलं, की नळ बंद करा आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत उघडू नका. प्लग लावल्यावर नुसती गुणगुण येऊन पाणी येत नसेल, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा मागच्या पाइपात अजून बर्फ आहे. नळी काढून बादलीत पाणी येतं का बघा, लगेच कळेल.

पाणी थांबताना भिंतीत येणारा धाडकन आवाज हवा काढूनही राहिला, तर गोठण्या-वितळण्यात पाइपाची पकड सुटली असण्याची शक्यता आहे. ते काम प्लंबरचं.

चौथी पायरी: निचरा आणि पंप

इथे जरा वेळ द्या, कारण थंडीनंतरच्या खडखडीचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलंय.

आधी भिंतीतला उभा पाइप, ज्यात मशीनची नळी खोचलेली असते. नळी बाहेर काढून त्यात दोन मग कोमट पाणी हळूहळू ओता. ते गेलं तर ठीक. वर आलं तर पाइपाच्या वाकणात बर्फ आहे. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही, पंप बिचारा बंद दारावर धडका देतोय. तिथे पाणी उतरेपर्यंत मशीन लावू नका.

मग पंप. फ्रंट लोड मशीनच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं. प्लग काढलेला आहे याची खात्री करा. झाकणाआड बहुतेक मशीनांत बारीक रबरी नळी असते, तिचं बूच काढून पाणी पसरट परातीत सोडा. वाटतं त्याहून जास्त पाणी निघतं, परात दोन-तीनदा रिकामी करावी लागते. मग गाळणी घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. अडली तर जोर लावू नका, आत अजून बर्फ असेल. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तिच्यावर धरा.

गाळणीत नाणी, केसांचे आकडे, सेफ्टी पिना, साडीच्या फॉलचा दोरा असं काहीबाही निघतं. ते काढा. पण थंडीनंतर खरं बघायचं असतं गाळणीच्या मागच्या पोकळीत. टॉर्च मारला की तिथे पंपाचा छोटा पंखा दिसतो. पेन्सिलीने तो फिरवा. चांगला पंखा गुळगुळीत फिरत नाही, थांबत-थांबत, टप्प्याटप्प्याने फिरतो, कारण आत चुंबक असतो. त्यामुळे अडखळला म्हणून घाबरू नका. एखादं पातं तुटलेलं असेल, पंखा डगमगत असेल, किंवा कसलाच अडथळा न जाणवता गरगर फिरत असेल, तर पंप गेला. गोठलेल्या पाण्यात पंखा धरला गेला आणि त्याच वेळी कुणीतरी मशीन लावलं, की पातं तुटतं. तुटलेला तुकडा आत फिरत राहतो आणि तीच ती खडखड.

एका कुटुंबाला हाच आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय, नवं मशीन घ्या" असा सल्ला मिळाला होता. गाळणी उघडली तर मागे नखाएवढं पातं पडलेलं होतं. नवा पंप साधारण चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात येतो. मशीनच्या दाराच्या कडेला किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, तो तसाच्या तसा देऊन पंप मागवा. दिसायला सारखा दुसरा पंप बसतोच असं नाही.

पंप बदलणं ज्याला पाना-पक्कड हाताळायची सवय आहे त्याला जमतं: दोन-तीन स्क्रू, दोन नळ्या, एक वायरचा जोड. काढण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा. टॉप लोड मशीनची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या बहुतेक टॉप लोडना बाहेरून उघडायची गाळणी नसते, पंप तळाशी असतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला मशीन आडवं करावं लागतं. दोन धडधाकट माणसं नसतील तर या पायरीला थांबा. अंगावर मशीन येऊन पाय मोडल्याने काहीच साधत नाही.

पाचवी पायरी: ड्रम आणि बेअरिंग

हे शेवटी ठेवलंय, कारण थंडी एकटी बेअरिंग क्वचितच मारते. जे बेअरिंग आधीच गंजत होतं ते थंडीनंतर उघडं पडतं. कडक झालेल्या रबरी सीलमधून पाणी आत शिरतं, आधीचा हळू आवाज मोठा होतो आणि लक्ष जातं.

प्लग काढा, ड्रम रिकामा करा आणि हाताने फिरवा. दुसरा हात मशीनच्या पत्र्यावर ठेवा. चांगल्या ड्रमची फक्त हलकी सळसळ येते. हाताला कंप जाणवला, वाळू दळल्यासारखी घरघर आली, तर बेअरिंगचा संशय खरा. मग फ्रंट लोडच्या ड्रमची वरची कड आतून धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही मिळून हलले तर ठीक, ते झोक्यांवर आहेत. ड्रम टबापेक्षा वेगळा खटखटला तर बेअरिंग किंवा ड्रमचा मागचा आधार गेलाय. मागचा पत्रा काढता येत असेल तर मधल्या आसाखाली तपकिरी ओघळ आहेत का बघा. गंज आणि ग्रीस मिसळलेला तो ओघळ असला तर आता शंका राहत नाही.

ड्रम कोरडा असताना शांत फिरतो, पण थोडं फिरवल्यावर तळाशी करकरतो, तर बर्फ अजून आहे किंवा ड्रम आणि टबाच्या फटीत काहीतरी अडकलंय. आणखी एक दिवस थांबा.

पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनला सुरुवातीची काही मिनिटं थप-थप आवाज येऊन थांबतो. महिनाभर बंद मशीनमध्ये पट्टा एकाच आकारात कडक झालेला असतो. चालू लागल्यावर तो सैल होतो. चिरा पडलेल्या नसतील तर बदलायची गरज नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मशीन लावताच ब्रेकर पडतो किंवा सॉकेटवरचं सुरक्षेचं बटण उडतं. ते दाबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. मोटरपर्यंत किंवा सर्किटपर्यंत पाणी पोचलेलं असू शकतं.

जमिनीवर पाणी आहे आणि प्लग त्या पाण्यात उभं राहूनच काढता येतो. पाण्यात पाय ठेवू नका, पॅनेलवरचा ब्रेकर बंद करा.

भिंत ओली आहे, किंवा सगळे नळ बंद असताना पाण्याचं मीटर फिरतंय. ही पाइप फुटल्याची खूण असू शकते. घराचा मुख्य नळ बंद करा आणि परवानाधारक प्लंबरला बोलवा. थंडीच्या आठवड्यात प्लंबर मिळायला दिवस लागतात, त्यामुळे मुख्य नळ कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.

शेजारी गॅसचा ड्रायर आहे आणि मशीन ओढताना त्याची नळी हलली, आता वास येतोय. दिवे, बटणं काहीही न लावता सगळ्यांनी बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा.

बेअरिंगचा संशय पक्का झाला. बेअरिंग स्वस्त असतं, पण ते बदलायला अख्खं मशीन खोलावं लागतं आणि काही मशीनांचे टब कारखान्यातच जोडून बंद केलेले असतात. मशीन आठ-दहा वर्षांचं असेल तर मजुरीचा आकडा आधी लेखी घ्या, मग ठरवा. वॉरंटी बाकी असेल तर एकही स्क्रू उघडू नका.

आणि घर भाड्याचं असेल, मशीन मालकाचं असेल, तर पहिल्या दोन पायऱ्यांपलीकडे जाऊ नका. आवाजाचा व्हिडिओ काढा, तारीख घालून मालकाला किंवा अपार्टमेंटच्या ऑफिसला लेखी कळवा.

पुढची थंडी येण्याआधी

हवामान खात्याचा गोठण्याचा इशारा आला की मशीनचे दोन्ही नळ बंद करा, नळ्या काढून पाणी सांडून टाका, पंपाच्या गाळणीतलं पाणी सोडा. गॅरेजमधल्या मशीनसाठी आणखी एक खात्रीचा उपाय आहे. आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या) गाड्यांच्या पाण्याच्या नळ्यांत घालतात तो गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) साधारण लिटरभर ड्रममध्ये ओता आणि पाणी सोडून पिळण्याचा टप्पा अर्धा मिनिट चालवा, म्हणजे तो पंपात आणि नळीत पोचतो. बऱ्याच मशीनांच्या माहितीपुस्तिकेत हीच कृती दिलेली असते. मोटारीच्या रेडिएटरचा अँटिफ्रीझ मात्र वापरू नका, तो विषारी असतो आणि पुढे त्याच मशीनमध्ये बाळाची दुपटी धुवायची असतात.

डिसेंबरात भारतात जाताना हीटर पूर्ण बंद करू नका, ५५ फॅरनहाइटवर (साधारण १३ सेल्सिअस) ठेवा. मशीन गॅरेजमध्ये असेल तर घरातला हीटर तिथे पोचत नाही, म्हणून वरचं सगळं करूनच निघा. परत आल्यावर नळ्या जोडा, नळ हळू उघडा, मागे टॉर्च मारून दहा मिनिटं बघा, आणि पहिलं धुणं कपड्यांशिवाय, थोडा साबण घालून लावा, म्हणजे अँटिफ्रीझ धुऊन जाईल. त्या पहिल्या धुण्याला मशीनजवळ थांबा.